सरांना टाकलेला मेल

बोरिवलीला मेंदूच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारी मायलेकी बसल्या होत्या. आईचा उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता.

"आई, मी लॅब सोडतेय. काल सरांना मेल टाकला."

"कशाला गो?"

"इतकी वर्षं त्या एका प्रोटीनमागे गेली. तुझ्या या आजारात मेंदूतल्या ज्या पेशी मरतात, त्या ते जगवतं, असं उंदरांत दिसलं. माणसांवरच्या चाचणीत काहीच फरक पडला नाही."

"मग का नाही पडला, ते शोध."

"ते शोधेपर्यंत तू..."

"मी जाईन, असंच ना?"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. श्रुतिका, तू हे काम घेतलंस तेव्हा माझा हात चांगला होता. माझ्यासाठी सुरू केलं नव्हतंस, मग माझ्यासाठी बंद का करतेस?"

"तुझी वेणी कोण घालणार? गोळ्या कोण देणार?"

"तुझे बाबा आहेत. त्यांना शिकव."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण मला औषध नाही मिळालं तरी चालेल, माझी पोरगी हरून घरी बसलेली नाही चालणार."

"शकुंतला मेस्त्री!" आतून हाक आली.

"चल आई, धर मला."

"नको. मी एकटी जाते. तू सरांना फोन लाव."

"अगं, तोल जाईल!"

"गेला तर आत डॉक्टर आहेत की. लाव फोन."

भिंतीला हात लावत, छोटी छोटी पावलं टाकत ती आत गेली.

"हॅलो, सर? कालचा मेल वाचलात? मग विसरा तो. सोमवारी मी येतेय."