मोकळ्या नळ्या

हॅलो?… पाटणच ना? आवं, शेजारच्या लीलाबाईंस्नी बोलवता का जरा? त्यांचा धाकटा भाऊ अर्जुना बोलतोय, विट्याच्या पोस्टातनं… व्हय, थांबतो.

आक्का? मी गं… नाथादादा आलाय का तिकडं?… आलाय? बरं झालं… न्हाई, घरात सगळी बरी हायत. परवा सकाळी कुणाला न सांगता गेला. आईनं तवापासनं धड घास खाल्ला न्हाई.

भांडण? न्हाई गं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं… त्यानं काय सांगितलं तुला?… कायच न्हाई?

अगं ऐक ना. त्याची ती मोटरसायकल, दोन सिलिंडरची, मिलिटरीच्या लिलावात घेतलेली… हां, गोठ्यात पडून हुती ती. म्हणलं दादा लढाईवरनं येतोय, चार महिने पुण्याच्या दवाखान्यात काढून येतोय, गाडी तयार ठेवू. सांगलीला नेली. गुंडा मिस्तरीकडनं दोन्ही बाजूंला नवे सायलेन्सर बसवले. आत जाळी न्हाई, काय न्हाई, नुसत्या मोकळ्या नळ्या. लय आवाज… व्हय, मुद्दामच. गुंडा म्हणाला हुता, कारबोरेटर परत जुळवून घे, न्हाईतर बार काढंल. मी म्हणलं, काढू दे.

सांगतोय ना… दादा आला. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. अंगणात सगळी भावकी जमलेली. मी किक मारली. दोन्ही नळ्यांतनं एकदम बार निघाला, बंदुकीसारखा.

…आक्का, त्यानं आईला खाली वढलं. तिच्या अंगावर पालथा पडला. दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकलं… न्हाई, कोपर खरचटलंय तिचं, बाकी काय न्हाई.

आन लोक हसले.

…मी?

…व्हय. पयला मीच हसलो.

मग उठला. आईच्या लुगड्याची माती झाडली. मला म्हणाला, "गाडी चांगली केलीस." बास, तेवढंच. जेवलाबी आमच्यासंगं. मान वर केली न्हाई.

…बोल, काय बोलायचं ते बोल मला… न्हाई, रडत न्हाई… नको, त्याला नको बोलवू. कुठल्या तोंडानं बोलू मी?… आक्का? अगं आक्का…

…दादा.

…अर्जुना हाय.

…दादा, मी हसलो. पयला मीच हसलो. तेवढं सांगायचं हुतं.

…ओ एक्स्चेंजच्या बाई, तीन मिनिटं झाली ते कळलं. वाढवा अजून… तो बोलत न्हाई, पण हाय तिथं. तोडू नका.

…व्हय दादा, ऐकतोय… दवाखान्यातबी असंच व्हायचं?… नुसतं ताट पडलं तरी?… आन पत्रात का न्हाई लिवलंस रं?

…काय म्हणालास?… लाज? तुला?… भावकीनं बघितलं म्हणून?

दादा, तू आईला अंगाखाली घेतलंस. लाज माझी हाय, तू कशाला… हॅलो? दादा?… हॅलो?

ओ बाई, लाइन गेली. पाटण परत लावा… लागू दे येळ. मी हितंच बसतो.