हवा काय म्हणते?

...नाही, पण मी म्हणतो, फोन उचलल्यावर माणसानं बोलायचं तरी काय? सख्खा भाऊ झाला म्हणून काय झालं? तुम्हाला सांगतो, आमच्या घरात पुरुषांना बोलायला विषय दोनच, तब्येत आणि हवा. त्यात तब्येत विचारली की आमच्या दादाला राग येतो, 'का, मी काय अंथरूण धरलंय?' म्हणतो, म्हणजे राहता राहिली हवा. दर रविवारी सकाळी त्याचा फोन. हवा काय म्हणते? बरी आहे. तुमच्याकडे? बरी आहे. ठेवतो. ठेव. संपलं! वहिनी म्हणायच्या, तुम्ही दोघं भाऊ बोलता की पावती फाडता?

आणि मग आलं ते वर्ष. आता काय सांगू... हवेचं डोकंच फिरलं हो! थंडीत पाऊस, पावसाळ्यात ऊन, उन्हात गारा, कशाचा कशाला मेळ नाही. सगळं जग डोक्याला हात लावून बसलं आणि आम्ही दोघं भाऊ चक्क बोलायला लागलो! खोटं नाही सांगत, अर्धा अर्धा तास. मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, दुकानात फ्रिज पोट उघडं टाकून पडलेत, कॉम्प्रेसर घुर्रर्र करतोय, गिऱ्हाईक समोर तोंड वाकडं करून उभं, आणि मी आपला एक बोट कानात घालून फोनवर, हं दादा, बोल, हवा काय म्हणते?

दादाचं पुस्तकबांधणीचं दुकान. शाळेची, वाचनालयाची फाटकी पुस्तकं यायची, हा खळ लावायचा, पुठ्ठा चढवायचा, त्या भल्यामोठ्या लोखंडी दाबात ठेवायचा, वाळवायचा. म्हणजे हवा बिघडली की याचं काम बिघडलंच. उन्हाळ्यात म्हणाला, अरे, काय ऊन आहे, पुठ्ठे वाकडे व्हायला लागले. आता यावर माणसानं काय म्हणावं? अरेरे म्हणावं, काय करतोस मग, म्हणावं. मी काय म्हणालो? 'ते काहीच नाही, आमच्याकडे डांबर चपलेला चिकटतंय!'

झालं! लागली चुरस. तो म्हणाला, आमच्याकडे वारा, झाड पडलं. मी म्हटलं, आमच्याकडे दोन पडली, त्यातलं एक खांबावर. तो म्हणाला, गारा पडल्या, लिंबाएवढ्या, दुकानाचे पत्रे फुटले, ये की एकदा, दोघं मिळून बसवू. आणि मी? मला त्यातलं लिंबूच तेवढं ऐकू आलं हो! मी म्हटलं, 'लिंबू? आमच्याकडे अंड्याएवढ्या होत्या!' कुठल्या अंड्याएवढ्या? बोराएवढ्या सुद्धा नव्हत्या. पण बोलून गेलो. आणि पत्र्यांचं काय, तर म्हटलं, हवा निवळली की येतो.

मग तो पाऊस. तो तर तुम्हालाही आठवत असेल. आमच्याकडे गटार तुंबलं, दुकानात घोटाभर पाणी, फ्रिज विटांवर चढवले, काम भागलं. दादाचा फोन आला, रविवार नसताना आला. म्हणाला, गुडघाभर पाणी आहे रे दुकानात, खालच्या फळीवरची पुस्तकं गेली सगळी. आणि मी... आता सांगायला जीभ रेटत नाही, पण मी म्हणालो, 'गुडघाभर? आमच्याकडे कमरेएवढं!'

फोनवर एकदम शांत. मला वाटलं, हरला! मनात म्हटलं, आता काढ बघू छातीएवढं. तर दादा म्हणतो, 'कमरेएवढं? अरे, मग तू कुठं आहेस? बरा आहेस ना? मी निघू का?'

स्वतः गुडघाभर पाण्यात उभा आणि मला विचारतोय, निघू का! आणि माझ्या घोट्याला पाणी. त्या वेळी तरी खरं बोलावं की नाही? नाही बोललो. म्हटलं, नको नको, तू कशाला, हवा निवळली की मीच येतो.

हवा काही निवळेना आणि मी काही हलेना. नंतर ती थंडी पडली, धुकं असं की समोरचं माणूस दिसेना. दादा म्हणाला, खळ वाळत नाही, दाबाचा स्क्रू गंजून बसलाय, विचार करतोय, दुकान आवरतं घ्यावं, मुलीकडे जाऊन राहावं. मी म्हटलं, 'निवळेल रे. आमच्याकडे तर फ्रिजच्या आत जास्त ऊब आहे!' हसला बिचारा. मोठ्यांदा हसला. मला केवढा आनंद, कधी नव्हे तो माझ्या विनोदाला दादा हसला.

आणि मग तो फोन. दुपारची वेळ, दोन कॉम्प्रेसर एकदम चालू, घुर्रर्र... घुर्रर्र... पलीकडून दादाचा आवाज, तुटक तुटक, 'आज... हवा... रे...' मी ओरडलो, 'ढगाळ आहे! तुमच्याकडे?' मग म्हणाला, 'स्वच्छ आहे. ठेवतो.'

संध्याकाळी वहिनींचा फोन. रडत होत्या की रागात होत्या, कळेना. म्हणाल्या, 'भावोजी, आज दुकान रिकामं केलं. दाब भंगारवाल्यानं उचलून नेला, हे दारात नुसते उभे होते. तुम्हाला फोन लावला, म्हणाले, आज तू हवा होतास रे. आणि तुम्ही त्यांना ढगाळ सांगितलंत?'

तुम्हाला सांगतो, माणसाच्या भाषेत तरी असा शब्द असावा का? हवा म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे... जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी गेलो मी. सगळी कामं टाकून गेलो. आणि हवा बघाल तर, वा! लख्ख ऊन, आभाळात ढगाचं नाव नाही. दुकानाला कुलूप. घरालाही कुलूप. शेजारी म्हणाला, सकाळीच गेले की मुलीकडे, तुम्हाला कळवलं नव्हतं का? फटीतून आत पाहिलं, दाबाच्या जागी फरशीवर काळा चौकोन उरला होता आणि वर पत्रे तसेच फुटलेले. त्यातून ऊन आत पडलं होतं.

आता दर रविवारी फोन मीच करतो. मुलीच्या गावची हवा म्हणे बारा महिने एकसारखी. म्हणजे आमचं आपलं पुन्हा, बरी आहे, बरी आहे, ठेवतो, ठेव. सगळे म्हणतात, असलं वर्ष वैऱ्यावरही येऊ नये. मी मान हलवतो. पण मनात म्हणतो, त्या वर्षी दादा बोलत तरी होता.

शेवटी या रविवारी धीर केला. दुकानात गेलो, सगळी बटणं बंद केली, पंखासुद्धा बंद केला, फोन लावला, आणि डोळे मिटून म्हणून टाकलं, 'दादा, त्या दिवशी मी यायला पाहिजे होतं. चुकलो. आणि आता इथं... तू हवा होतास रे.'

फोन कानाशी दाबून धरला. दादा म्हणाला, 'हवा ना? उत्तम आहे. ठेवतो.'

आता त्याला ऐकू आलं नाही, की त्यानं उट्टं काढलं, देव जाणे. मी आपला म्हणालो, बरं आहे. आमच्याकडेही निवळलीय.