केदारखेड्याचं ‘ड्रॉप इन’

काय हो, तुम्ही कधी कुणाच्या घरी ‘ड्रॉप इन’ केलंय का? नाही ना? करूही नका! तुम्हाला सांगते, जालन्याच्या शाळेत आमच्या मेमबाईंनी हे शिकवलं, त्याला वीस वर्षं झाली. म्हणजे काय, तर आधी निरोप न धाडता वाटेवरच्या घरी डोकवायचं, दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. सहज हो, अगदी सहज!

आता आमच्या वच्छलेला केदारखेड्याचं स्थळ आलं. सगळं बरं, पण मुलाची आई गोजरबाई कशी असेल, हाच मला घोर! लेक जन्मभर तिच्या हाताखाली नांदायची... निरोप धाडून गेलं तर त्या दिवशी कुठलीही सासू गोडच बोलणार की! म्हणून यांना म्हटलं, भोकरदनच्या तहसिलीत तुमचं काम आहे ना, मग जाताजाता ड्रॉप इन करू. हे म्हणाले, “आणि पाणी?” म्हटलं, घोटभरसुद्धा नाही. सहज हो, अगदी सहज!

गेलो. बघते तर गोजरबाई ओट्यावर बसून थोरल्या सुनेच्या डोक्याला तेल चोळतायत आणि सून डोळे मिटून पेंगतेय! माझं काम तिथंच झालं. म्हटलं, येतो आम्ही. “अवो, येतो कुठं? बिनबोलावता आलात म्हंजी आपलंच घर समजून आलात! अवं, ऐकलं का, बैल सोडा की जल्दी!” त्यांच्या मालकांनी, राधाकिसन पाटलांनी, बैल सोडून पुढ्यात कडबा टाकलासुद्धा. आता बैल जेवायला बसल्यावर मेमबाई तरी निघाल्या असत्या का, सांगा!

तेवढ्यात गावभर बातमी... मुलीचा बाप आला! ओसरीवर भावकीचे नऊ फेटे, मधे पानाचं तबक. आपल्याकडे मुलाच्या घरी चार लोकांदेखत मुलीच्या बापाने सुपारी फोडली की सोयरीक पक्की, हे कुणाला ठाऊक नाही? पण आमचे हे तहसिलीच्या गप्पांत रंगलेले, हाताला कचेरीत बसल्या-बसल्या सुपारी कातरायची सवय... हात गेला अडकित्त्याकडे! मी दाराआडून खोकते काय, बांगड्या वाजवते काय... कट्ट! “फुटली!” पाटलांचे चुलते रखमाजी ओरडले, “बराबर हाय! आता मागं फिरणं न्हाई!”

परतताना गाडीत विचारलं, अहो, केलंत काय हे? तर म्हणतात कसे, “सहज गं, अगदी सहज!”

घरी वच्छला दारातच उभी. “आई, मुलगा कसा आहे गं?”

मी यांच्याकडे बघते, हे माझ्याकडे... मुलगा म्हणे मळ्यात गेलेला, आणि त्या गडबडीत आम्ही दोघांनी त्याची साधी चौकशीसुद्धा केली नाही! म्हटलं, “अगं... सासू फार चांगली आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांना मुलगा बघायला केदारखेड्याला पाठवलं आणि स्वतः लग्नाची हळद दळायला बसले.