वाळूपेटीची कडी

नाही नाही, वरून नका उचलू, अहो कठडे तुटतील — खालून, टाकीखाली दोन बोटं घाला, हां, अस्सं. तान्ह्या पोराला धरतात तसं. बसा ना, ती खुर्ची घ्या, तिच्यावरचं खोकं खाली ठेवा, काही नाही, चाकं आहेत त्यात. फोनवरच्या आवाजावरून मला वाटलं होतं तुम्ही वयस्कर असाल — या छंदात तरुण माणसं कमीच हो. आणि बरोबर कोण आलंय म्हणालात? आई? खाली बाकावर बसवलंत? मग वर आणायचं ना त्यांना — गुडघे? हो, जिना वाईटच आहे आमचा, तीन मजले, आणि कठडा हलतो, घरमालकाला सांगून सांगून जीभ झिजली. बरं, बसू दे त्यांना, आपण काही फार वेळ लावणार नाही. हे भिंग घ्या. भिंगाशिवाय बघाल तर माझं निम्मं काम पाण्यात.

आता बघा. दुकानातून येतं तेव्हा हे रेल्वेचं छोटं इंजिन म्हणजे नुसतं प्लॅस्टिकचं खोकं असतं — कठडे अंगालाच चिकटलेले, पायऱ्या म्हणजे नुसते उंचवटे, शाळेतल्या साबणाच्या वडीवर नक्षी काढावी तसं सगळं. मी आधी ते तासून काढतो, ब्लेडने, एकेक. मग केसाएवढं ड्रिल घेऊन भोकं पाडायची — हाताने हां, मशीन लावलं की प्लॅस्टिक वितळतं — आणि त्यात पितळी तारेचे कठडे बसवायचे. या एका इंजिनाला अठ्ठेचाळीस भोकं आहेत. ब्रेकचे पाइप गिटारच्या तारेचे. मग रंग. आणि रंगावर मळ! मळाशिवाय इंजिन म्हणजे खेळणं. धुराड्यामागे काजळी, टाकीवर डिझेल सांडल्याचा तो ओघळ — ओला वाटतो ना? कोरडा ठणठणीत आहे, लावा बोट — नको, नका लावू. आमची ही हसते. म्हणते, अख्खी नोकरी खरी इंजिनं धुण्यात घालवलीत आणि आता नव्याकोऱ्यांना काळं फासत बसलाय. खरंय तिचं. हो हो, रेल्वेच्या इंजिन शेडमध्येच होतो मी, एकतीस वर्षं, फिटर. बोललो नव्हतो का तुम्हाला? सगळ्यांना सांगतो मी. असो.

तर तुम्हाला तारीख का विचारली, हे लोकांना कळत नाही. लोक म्हणतात, अमुक नंबरचं इंजिन करून द्या. अरे पण कधीचं? इंजिन काय एकसारखं राहतं? आज काच फुटली, उद्या दिवा बदलला, परवा कुणीतरी दारावर धडकला आणि पोचा पडला — माणसासारखंच आहे ते. म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारतो, तारीख सांगा. तारीख नसेल तर काम घेत नाही मी, जा दुसरीकडे. तुम्ही फटकन सांगितलीत. दिवस, महिना, वर्ष. मी लिहून घेतलं आणि — काही नाही, लिहून घेतलं. अशा तारखा मागतात लोक, अपघाताच्या. त्यांना त्यात काय गोडी असते देव जाणे, मी विचारत नाही.

काय? कुठे? इंजिनाच्या नाकावर... हां, ते. ती वाळूपेटी. म्हणजे कसं, पावसात रूळ ओले झाले की चाकं घसरतात, ब्रेक लावला तरी गाडी आपली सरकतच जाते. मग ड्रायव्हर पायाखालचं बटण दाबतो, त्या पेटीतली वाळू दोन नळ्यांतून चाकांपुढे पडते, आणि चाक पकड घेतं. साधी गोष्ट आहे, पण जीव तिच्यावर असतो. ते तिचं झाकण. हो, त्याला कडी असते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कडी आहे, बरोबर. फोटो आदल्या वर्षीचा आहे ना तो? मग झालं तर.

तार आहे ती, हो. पीळ दिलेली. अडीच पीळ. अहो सुटून पडली असेल माझी कडी, एवढीशी तर असते, चिमट्यातून उडाली की गेली, फरशीवर शोधत बसा — म्हणून तार लावली असेल. घाईत. द्या, बदलून देतो. नाही, खरंच काही नाही त्यात, तुमची नजर मात्र चांगली आहे, मानलं, नऊ वर्षं हे काम करतोय, माझी तार अजून कुणाच्या नजरेत —

कसला अहवाल? चौकशीचा? तो तुमच्याकडे कसा आला? 'झाकण सुस्थितीत, कडी लावलेली, पेटी कोरड्या वाळूने काठोकाठ भरलेली' — पाठ आहे तुम्हाला? थांबा थांबा. तुम्ही छंदवाले नाही. तुम्ही इंजिन बघायला आलेलेच नाहीत. कोण तुम्ही?

अरे देवा.

नाही, काही नाही झालं, बसतो मी. मीच बसतो. भुवया — आता दिसतायत. मघापासून मनात येत होतं, या भुवया कुठेतरी बघितल्यात. हळूमास्तर म्हणायचो आम्ही तुमच्या वडिलांना, माहितीय? चिडवायचो. सगळे ड्रायव्हर येऊन सही करून इंजिन घेऊन जायचे, आणि हे हातात बॅटरी घेऊन चाकन् चाक बघणार. फोरमन ओरडायचा, अहो लग्नाला मुलगी बघताय का इंजिन? हे आपले हसायचे आणि पुन्हा वाकायचे. आणि अशा माणसावर — कधी गेले? दोन महिने? मला कळलंच नाही. कोण कळवणार म्हणा.

काय म्हणायचे शेवटपर्यंत? 'मी बटण दाबलं होतं.' हो. तेच म्हणायचे चौकशीतही. दाबलं होतं, वाळू पडली नाही. आणि ते लोक म्हणायचे, मग पेटी भरलेली कशी? कोरडी, काठोकाठ? म्हणजे बटण दाबलंच नाही तुम्ही, झोप लागली होती तुम्हाला, आणि आता खोटं बोलताय. मी होतो त्या खोलीत. भिंतीला टेकून उभा होतो. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, तुमच्या वडिलांनी — म्हणजे असं नाही की त्यांना संशय होता, छे, उलट मी त्यांच्या बाजूने काहीतरी सांगेन म्हणून बघितलं असेल. मी पायांकडे बघत होतो.

तुम्ही मघाशी काय विचारलंत? 'त्या दिवशी तार होती हे तुम्हाला कसं कळलं?' चुकलोच की हो मी. कुठल्याच फोटोत नाही, कुठल्याच कागदात नाही, आणि मी तुमच्या मॉडेलवर लावून मोकळा. खरं सांगू? कडी केली होती. ही बघा, या डबीत आहे, पत्र्याची, रंगवून ठेवलेली. परवा दुपारी बसवायला घेतली आणि हात वळेना. तारीख लिहिलेली समोर, भिंतीवर. त्या तारखेला कडी नव्हती हो! सगळं खरं करायचं, तो दारावरचा पोचा खरा, ओघळ खरा, आणि तेवढंच खोटं? मला वाटलं, लावून टाकू, हे ओळखणारं जगात आहेच कोण माझ्याशिवाय. माझं मला समाधान. कपाटात जाऊन बसेल कुणाच्या तरी.

आदल्या संध्याकाळी कडी तुटली. म्हणजे आधीच वाकलेली होती, मी बंद करायला गेलो आणि हातात आली. स्टोअरमध्ये गेलो तर म्हणे आठ दिवसांनी या. आता झाकणाच्या एका कडीसाठी इंजिन उभं ठेवायचं म्हणजे फोरमन माझी चामडी सोलणार. सगळेच तार बांधायचे हो, मी एकटाच नाही, शेडमध्ये निम्मी दुनिया तारेवर चालायची. बांधली. अडीच पीळ. पण तारेने झाकण दाबून बसत नाही, खालचं रबर उघडं राहतं, आणि रात्रभर पाऊस पडला, असा की सांगू नका. वाळू ओली झाली की तिचा गोळा होतो. नळीच्या तोंडाशी गोळा बसला की संपलं — मग बटण दाबा नाहीतर नाचा त्याच्यावर. आणि तुमचे वडील आले तेव्हा अंधार, पाऊस, त्यांनी बॅटरी मारली होती बरं का झाकणावर. मला विचारलं, 'हे असं काय रे?' मी म्हटलं, 'मास्तर, काही होत नाही, मी बघितलंय.' मी म्हटलं म्हणून ते चढले. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

मेलं कुणी नाही. हे मी मला रोज सांगतो, मेलं कुणी नाही. उभ्या वॅगनींवर गाडी गेली, असिस्टंटचा पाय मोडला, तो आता चालतो. इंजिन ओढून परत शेडमध्ये आणलं. फोरमन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, साहेब लोक येतायत, जरा पेटीबिटी बघून ठेव. एवढंच. बघून ठेव म्हणाला, काय बघून ठेव ते नाही म्हणाला, हुशार माणूस. पण मला न कळायला मी काय कुक्कुलं बाळ होतो? ओली वाळू खरवडून काढली. कोरडी भरली. दुसऱ्या इंजिनाची कडी काढून लावली, वर थोडं काळं तेल चोळलं, नवी दिसू नये म्हणून. मळ लावायला मी तिथे शिकलो, ऐका, तिथे! दहा मिनिटांचं काम. तेव्हा मला एवढंच वाटलं की नोकरी वाचली. ड्रायव्हरला काय, समज देतील, महिनाभर घरी बसवतील. घरीच बसवलं. कायमचं. अकरा वर्षं.

किती वर्षांचा होतास तू तेव्हा? सतरा. म्हणजे कळत्या वयाचा. तुलाही ते खोटं बोलतात असं वाटायचं का — वाटायचं. आणि आईला? तीसुद्धा? 'पुरे झालं आता ते बटण' म्हणायची? अरे अरे अरे. म्हणजे त्या माणसाचं घरातसुद्धा कुणी —

दे इकडे. दे, मी सांगतो ते ऐक. कडी आहे, चिमटा आहे, दोन मिनिटांत बसवतो, वर जरासा मळ, तुझ्या आईला काही कळणार नाही, छान इंजिन आहे, वडिलांची आठवण म्हणून घरी ठेवा, झालं गेलं गंगेला... का मागे ओढतोस? तुटेल! बरं. बरं, नाही हात लावत. हे बघ, दोन्ही हात मांडीवर. काय बोललो मी आत्ता? दोन मिनिटांत बसवतो म्हणालो ना? आणि वर मळ. बघ कसा मेला आहे मी. अकरा वर्षांत काडीचा फरक नाही.

तुला लिहून हवंय? देईन. नाही, देईन म्हणजे... माझं पेन्शन आहे रे, आणि हिला यातलं काही ठाऊक नाही, तिला वाटतं मी रात्री दचकतो ते कानात शेडचा आवाज बसलाय म्हणून. मला चार दिवस दे. तू पुढच्या आठवड्यात ये, एकटा ये, आपण शांतपणे —

गप. जिन्यात कोणीतरी आहे. थांबून थांबून येतंय. तुझी आई? गुडघे दुखतात म्हणालास ना! तीन मजले! ती कशाला — तिला नको, आज नको, जा ना तू खाली, घेऊन जा तिला, सांग मी घरी नव्हतो, सांग इंजिन अजून झालं नाही. ऊठ. ऊठ ना रे. का नुसता बघत बसलायस माझ्याकडे? अगदी तसंच बघतोस. अगदी तसंच बघायचे ते.

...या. या वहिनी. सावकाश, उंबरा आहे तिथे. खुर्ची दे रे त्यांना. मला ओळखलंत? हो, मीच, शेडमधला. तुम्ही डबा घेऊन गेटपर्यंत यायचात आणि मास्तर नेहमी उशिरा बाहेर पडायचे. हो, केस गेले सगळे. पाणी देऊ? नको? बरं. नाही, त्याला काही झालं नाही, डोळ्यांना रंगाचा वास झोंबला असेल त्याच्या. ते इंजिन आहे ना त्याच्या हातात, ते तुम्ही भिंगातून बघा. नाकावरचं झाकण. तार दिसते? अडीच पीळ आहेत. ती तार मी बांधली होती.

त्यांनी बटण दाबलं होतं, वहिनी. पेटी मी नंतर भरली.