बूट मिळणार नाहीत

खेचरानं नाही खाल्ले, सी नबील. खेचर जव खातं, बूट खात नाही. आणि तो तंबू तिसऱ्यांदा उलथापालथा करू नका, सारखं खाली वाकून डोकं पुन्हा ठणकायला लागेल — बूट मी लपवलेत. मीच, स्वयंपाक्यानं. तोंडावर सांगतोय, मागनं कळून चिडण्यापेक्षा समोर चिडलेलं बरं. बसा. या पेटीवर बसा, मजबूत आहे. चहा होतोय. साखरेचा मोठा खडा टाकू की बेताचा? मोठाच टाकतो, तुमच्या पोटात पहाटेपासून काही राहिलेलं नाही.

इशू जाताना काय म्हणाला माहितीये? आमचा वाटाड्या इशू — तुमच्या वयाचा असेल, पण अक्कल जागेवर आहे — म्हणाला, अद्दी, मी सातजणांना घेऊन वर जातोय, आठव्याला डोकेदुखीनं धरलंय, दोनदा ओकलाय, मी परत येईपर्यंत त्याला हलू देऊ नकोस. बास, एवढंच. तुम्हाला कसं हलू द्यायचं नाही ते त्यानं सांगितलं नाही. ते माझ्यावर सोडलं. मग मी बूट उचलले. आता तुम्ही म्हणणार, मला बरं वाटतंय — म्हणालातच, बघा — तर वाटणारच. तीन तास झोपलात, ऊन पडलं, वारा थांबला, का नाही वाटणार? उंचीची डोकेदुखी अशीच असते, आडवं पडलं की गुपचूप बसते, आणि माणूस वर निघाला की मागनं येऊन मानगूट धरते. बरं वाटणं वेगळं आणि बरं असणं वेगळं. एवढे शिकलेले तुम्ही, कासाब्लांकाला पूल बांधता, तुम्हाला मी काय सांगायचं.

वाट दिसते म्हणता. दिसते ना, मलाही दिसते. ती बघा, पांढरी रेघ, तिथून डोंगराच्या धारेपर्यंत सरळ. मेंढीलासुद्धा सापडेल. वाट चुकायची भीती कुणाला आहे? आणि आज ढगही नाही, ते मी कबूल करतो, आज आभाळ पुसून ठेवलेल्या ताटासारखं आहे. तरी देणार नाही. हो, तुमचेच आहेत बूट. हो, मी नुसता स्वयंपाकी. बरोबर आहे सगळं. कांदे चिरणाऱ्यानं कांदे चिरावेत — हे बघा, चिरतोय.

तक्रार? करा की. इथून फोन लागणार नाही, उद्या खाली गावात पोचलो की लागेल. मराकेशला ऑफिसात बसलेत ते, उंटावरून शेळ्या हाकणारे, ते तुमचं ऐकतील. मागच्या वसंतात मला बोलावून म्हणाले, अद्दी, आता एक जरी तक्रार आली तर तू आणि तुझी पातेली, दोघं घरी. का म्हणजे, एका पाहुण्याच्या चालायच्या काठ्या मी नदीपलीकडे नेऊन ठेवल्या होत्या. गुडघा सुजला होता त्याचा, भोपळ्याएवढा, आणि निघाला होता खिंडीकडे. तर ती एक तक्रार. त्याच्या आधीची एक. तुमची तिसरी. घरी बायको आहे, तिची आई आहे, मुलगी आहे, माझा हा हंगाम गेला तर हिवाळा कसा काढायचा ते मला ठाऊक नाही — पण ते माझं मी बघीन, तुम्ही लिहा खुशाल. घाबरवून बूट मिळणार नाहीत.

आणि एक सांगू? मी काही जन्माचा स्वयंपाकी नाही. चौदा वर्षं वाटाड्या होतो. छातीवर फोटोचं कार्ड लावून. ही सगळी रांग, इथून दक्षिणेच्या उतारापर्यंत, डोळे बांधा, चालून दाखवतो. इशूला वाट कुणी शिकवली? मी. मग पातेल्यापाशी कसा आलो? त्याची गोष्ट गावात सगळे सांगतात आणि हसतात, तर तुम्हीही हसून घ्या. सहाजण होते, परदेशी, धडधाकट. शिखर दोन तासांवर राहिलं. त्यातला एक, लाल दाढीवाला, सारखा थांबत होता. मी विचारलं, डोकं? तो म्हणाला, छे, बूट चावतोय. मी म्हटलं, फिरा मागे. सगळे. वाटाड्या मी एकटाच, त्याला एकट्याला खाली कसा पाठवू, आणि बाकीच्यांना वर कुणाच्या भरवशावर सोडू? फिरा. भांडले, शिव्या दिल्या, मी हललो नाही. खाली आणलं. आणि खाली आल्यावर त्या लाल दाढीवाल्यानं काय करावं? दोन ताटं जेवला. ढोल निघाला तर नाचला. आमच्या खेचरवाल्यांबरोबर, हात वर करून, नाचला. झालं, सहाच्या सहा जणांनी लिहून दिलं — वाटाड्या भित्रा आहे, आमचं शिखर बुडवलं. ऑफिसनं कार्ड काढून घेतलं, दुसरी ऑफिसंही वाटाड्या म्हणून दारात उभं करेनात. नाचला म्हणून हसतात सगळे. मी म्हणतो, नाचू दे की. नाचायला माणूस उरला होता, म्हणून नाचला. आज पुन्हा ते सहा आले तर पुन्हा फिरवीन, आणि पुन्हा कार्ड काढलं तर पुन्हा कांदे चिरीन. त्याचं मला काही वाटत नाही. गावात तोंडावर म्हणतात, दुधानं तोंड पोळलं अद्दीचं, आता ताकसुद्धा फुंकून पितो. म्हणोत.

कुठलं दूध? — काही नाही. म्हण आहे ती. आपल्याकडे म्हणतात तशी. चहा घ्या, निवतोय. थोडा रानातला ओवा टाकलाय, डोक्याला बरा. घ्या.

पायात काय बघताय? रबराच्या चपला. टायरच्या. पस्तीस वर्षं याच. हो, शेवटच्या दिवशी पाहुणे बूट ठेवून जातात आमच्यासाठी, रीतच आहे, आणि कुणाला कुठला जोड यावरून खेचरवाल्यांची जुंपते ती बघण्यासारखी. मी त्यात नसतो. मला बूट नको असतात. का नको? नको असतात, बास. सगळ्याला कारण असतं का — अहो, कुठं चाललात? त्या जवाच्या पोत्यात काही नाही. मी तिकडे बघितलं म्हणून? मी खेचराकडे बघत होतो. सी नबील, हात काढा — नका — ते ओढू नका बाहेर.

ते तुमचे नाहीत. दिसत नाही का, केवढेसे आहेत. सदतीस नंबर. तुमचा अंगठासुद्धा जायचा नाही.

द्या इकडे. नाही, राहू द्या, धरा तुम्हीच, आता काढलेच आहेत तर.

लल्ला बातूलचे आहेत ते. मेक्नेसच्या. शाळेत बाई होती, चौथीच्या वर्गावर. बारा वर्षं झाली. एकटीच आली होती, अनोळखी नऊजणांच्या गटात, आणि सगळ्यांत आधी तयार, सगळ्यांत जास्त हसायची. खेचरांना नावानं हाक मारायची. इथंच मुक्काम होता, हा ओढा, हीच जागा. पहाटे तिचं डोकं दुखायला लागलं. ओकली. त्या दिवशी दोन वाटाडे होतो, दुसरा बाकीच्यांना घेऊन पुढे गेला, मी हिच्यापाशी राहिलो. नऊ वाजता उठली, तोंड धुतलं, म्हणाली, सी अद्दी, मला बरं वाटतंय. म्हणाली, वर्गातल्या चाळीस पोरांना सांगून आलेय, शिखरावरचा एकेक खडा आणीन म्हणून. आता काय सांगू त्यांना, तंबूत झोपले होते? म्हणाली, वाट तर इथून दिसते. आणि मी गेलो तिला घेऊन. आवडायची ती मला, तिला नाही म्हणवेना. दुसरं काही कारण नव्हतं. धारेवर पोचल्यावर खाली बसली. म्हणाली, जरा झोपते. मी पाठीवर घेतलं आणि धावलो. चार तास. मुक्कामाच्याही खाली, खेचरं बांधतात त्या दगडांपर्यंत आणली, तोवर तिचा श्वास मानेला लागत होता, मग लागेना.

कुणी मला दोष दिला नाही. डॉक्टर म्हणाला, असं कळत नाही आधी. इमाम म्हणाला, अल्लाहची मर्जी. तिचा भाऊ आला मेक्नेसहून, माझे हात धरून रडला, म्हणाला, तू तिला पाठीवर आणलंस, चार तास आणलंस, आणि माझ्या पायातल्या चपला बघून हे बूट मला दिले. घरी नेले तर बायको म्हणते, माझ्याच मापाचे आहेत की. तेव्हापासून घरी ठेवत नाही. पोत्यात असतात. जवाखाली.

कुणीच दोष दिला नाही, त्यानंच माझं वाटोळं झालं. कारण त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्ही पहिलेच. तुम्हाला कशाला सांगतोय कोण जाणे, उद्या तुम्ही खाली तक्रार लिहायला जाणार. त्या सकाळी ती बूट घालायला बसली. नाडी बांधायला खाली वाकली आणि तिचा तोल गेला. एवढासाच. तंबूच्या खांबाला धरलं तिनं. हसली, म्हणाली, वाकलं की जरा गरगरतं. आणि मी काय केलं? गुडघ्यावर बसलो आणि तिच्या नाड्या मी बांधल्या. दोन्ही. घट्ट, दुहेरी गाठ मारून. मला कळलं होतं, सी नबील. इतक्या वर्षांचा वाटाड्या मी, वाकल्यावर खांब धरणारा माणूस वर न्यायचा नसतो हे माझ्या बापानं मला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. कळत नाही आधी, म्हणे. मला कळलं होतं. अल्लाहची मर्जी म्हणे — तर मग त्या गाठी कुणाच्या हातच्या होत्या? ते भाऊ, इमाम, डॉक्टर, सगळ्यांना मला ओरडून सांगायचं होतं, आणि मी मान खाली घालून बूट घेतले.

तर आता हे असं आहे. ते सहाजण मला भित्रा म्हणाले, म्हणू देत. ऑफिस वेडा म्हणतं, म्हणू दे. मी काठ्या लपवीन, बूट लपवीन, वेळ आली तर खेचराचं खोगीर लपवीन. माफी मागणार नाही. तुमचीपण नाही.

काय? नुसतं डोकं दुखलं म्हणून सगळ्यांना का अडवायचं? ठीक. हेही ठीक. तुमचं म्हणणं पडू देत नाही मी. त्या पिठाच्या पेटीचं झाकण उघडा — त्याच, ज्यावर बसला होतात. हां, हसू नका. काढा. झटका, पीठ लागलंय. घाला पायात. मी नाही बांधून देणार. बारा वर्षांत कुणाच्या नाड्या बांधल्या नाहीत, माझ्या मुलीच्यासुद्धा नाही. तुम्ही बांधा. बसून नाही, उभ्यानं, इथं माझ्यासमोर, खाली वाकून, दोन्ही. आणि कशाला न धरता सरळ उभे राहा. राहिलात तर मी स्वतः तुम्हाला धारेपर्यंत सोडायला येतो, या चपलांनी. शब्द दिला. पातेलं उतरवून ठेवतो, हे बघा, गॅस बंद.

वाका.

झाली एक. चांगली बांधली. घाई नाही. दुसरी.

आता उठा.

हं.

नाही, काही बोलू नका. डोळे मिटा जरा. मी काहीच म्हणत नाहीये, खांब तुम्ही धरलाय. सावकाश बसा. हा डबा घ्या, ओकायचं असेल तर. होतं असं, लाजायचं काही नाही. इशू तीनपर्यंत येईल, मग आपण सगळेच खाली उतरू, उतरायला लागलं की तासाभरात उतार पडतो. आता जाऊन पडा. उशाला दोन घोंगड्या घ्या, डोकं उंच राहू दे.

आणि उद्या तक्रार लिहाल तेव्हा नाव नीट लिहा. अद्दी ऊ हम्मू. स्वयंपाकी. जा आता. बूट इथंच काढून ठेवा. दोन्ही जोड.