गाईचा चीक आणि माझा

मी घोटीकडची, भाताच्या खाचरातली, आणि जन्मले ती थेट उकिरड्यावर गेले. हसू नका, खरं सांगते. माझ्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेलेली, म्हणून आजीनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचललं आणि आजीनं मूठभर तांदूळ देऊन मला तिच्याकडून परत घेतलं. म्हणजे मरणाला वाटावं, ही कचऱ्यातली पोर, हिला काय न्यायचं. नावही तसंच ठेवलं, केराबाई. शाळेत पोरं केरसुणी म्हणायची. मी म्हणायची, हो, केरसुणीच, तुमची घरं झाडायला आलेय. आणि तेच झालं बघा, आज मी गल्लोगल्ली दवाखान्याची पत्रकं वाटते, बाळाला बिब्बा लावू नका, बेंबीवर राख लावू नका, पहिलं दूध फेकू नका.

लग्न होऊन नाशकाला आले. सासरी झेंडूची शेती, दारात एक गाय. मी सातपूरला कारखान्यात पॅकिंगला जाणार, सासूबाई आणि थोरल्या जाऊबाई फुलं तोडून बाजारात नेणार. सासूबाईंना आम्ही दोघी आत्या म्हणतो, जावेला मी ताई म्हणते. माणसं वाईट नाहीत, लिहून घेताय तर हे आधी लिहा. पण ताईंचा पहिला मुलगा आठवडाभरही जगला नव्हता. त्याचं सगळं केलेलं, उशाला विळा, मनगटाला काळा दोरा, गालाला तीट, ओव्याची धुरी, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. आणि बाईला पहिलं जे घट्ट, पिवळसर दूध येतं ना, चीक, तो पिळून फेकला, जड असतो म्हणे, बाळाला बाधतो. पोराला कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी पाजलं. जुलाब लागले, पोर गेलं. लोक म्हणाले, नजर लागली.

मला दिवस गेले तशी आत्यांची तयारी सुरू. मी दवाखान्यातलं पत्रक वाचलेलं, म्हटलं, आत्या, विळा ठेवायचाच तर बाजेखाली ठेवा, उशाशी नको, तीट लावा, खुशाल लावा, पण बाळाच्या तोंडात माझ्या दुधाशिवाय काही जाणार नाय. आत्या म्हणाल्या, पत्रकं वाचून पोरं वाढत नसतात बाई. मी म्हटलं, बोळ्यानं पण नाय वाढत. त्या दिवशी माझ्याशी अबोला, भाकरी मात्र गरम वाढली, ते पण लिहा.

पोरगी सरकारी दवाखान्यात झाली. सिस्टर म्हणाल्या, लगेच अंगावर घे, आणि दुसऱ्या खाटेकडे वळल्या. तेवढ्यात आत्या डबा घेऊन आल्या, मागनं ताई. आदल्याच दिवशी आमची गाय व्यालेली, तिच्या चिकाचा खरवस केलेला, गूळ-वेलची घालून, आणि काय सांगू तुम्हाला, आख्ख्या वॉर्डात वाटला, आयाबाईला, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सासूला, खा बाई, पहिला चीक हाय, लय ताकद असते त्यात. आणि त्याच हातानं पिशवीतनं गुळाच्या पाण्याची वाटी काढली, बोळा काढला, पोरीला मांडीवर घेतलं अन् मला म्हणाल्या, तू तुझा चीक पिळून टाक.

मला टाके पडलेले, उठता येईना, पण आवाज तर होता ना. म्हटलं, आत्या, गाईच्या चिकात ताकद आणि माझ्या चिकात विष? त्या म्हणाल्या, गाईचं वेगळं. वेगळं ते काय? गाय देव हाय. मग मी कोण, गोठ्यातला खुंटा? पलीकडच्या खाटेवरची बाई फिसकन हसली, तसा आत्यांचा पारा चढला, म्हणाल्या, उकिरड्यावरची ती उकिरड्यावरचीच राहिली. मी म्हटलं, हो, उकिरड्यावरचीच, म्हणून टाकायचं काय आणि ठेवायचं काय ते मला कळतं. पोरगी टाहो फोडत होती, बोळा तिच्या ओठाशी आलेला. मी ताईंकडे बघितलं आणि तोंडातनं निघून गेलं, ताई, तुमच्या बाळाचं तर सगळं केलं होतं ना?

ताई पुढं झाल्या, आत्यांच्या मांडीवरनं पोरगी उचलली, माझ्या छातीशी दिली, पदर ओढला, आणि आत्यांच्या अन् खाटेच्या मधे उभ्या राहिल्या. आत्या म्हणाल्या, थोरले, तू पण? ताई म्हणाल्या, आत्या, तुम्ही खरवस वाटून घ्या, पोरीचं पोरीला पिऊ द्या.

आणि प्याली पोरगी, अशी चुटूचुटू प्याली की मला रडू आलं. मी रडत नाय एरवी.

आता ती झेंडूच्या वाफ्यातनं पळते. गालाला तीट असते, आत्याच लावतात, लावू द्या, शोभते. जवळपास कुणी बाळंत झालं की मी पत्रक घेऊन जाते, सोबत ताई येतात, बोलणं माझं, मधे उभं राहणं त्यांचं. आत्या अजून म्हणतात, या पोरीला एक दिवस नजर लागेल बघ. मी म्हणते, लागू द्या. उपाशीपोटी तर नाय ना लागणार. सगळ्यांच्या पोरींना लागायची तर अशीच लागो, पोट भरल्यावर.