खुशीच्या डायरीतली सूचना

मी, मोनाली नत्थू गजभिये, वय २४ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., काम खासगी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करणे, राहणार इंदोरा, नागपूर. आज शुक्रवार, दि. ९ जानेवारी २०२६ रोजी कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, माझ्या २५ डिसेंबरच्या जबाबातील एक वाक्य खोटे आहे. "शाळेची सूचना मी वहिनीला वाचून सांगितली होती, तरी तिने झाड तिथेच ठेवले," असे मी सांगितले होते. सूचना मी तिला सांगितली नव्हती. २४ डिसेंबरला आमच्या घरात लागलेल्या आगीची वेळही मी सव्वासात सांगितली, ती सात वाजून दहा मिनिटे असावी. बाकी मजकूर बरोबर आहे.

घरात आई मनकर्णा, भाऊ धम्मदीप, त्याची पत्नी नंदिनी, त्यांची मुलगी खुशी, वय ५ वर्षे, आणि मी असे राहतो. भाऊ मौद्याला ठेकेदाराकडे कामाला आहे, त्याला रविवारी सुटी असते. घरात बारावीच्या पुढे मीच शिकले. वहिनी नववीपर्यंत शिकली आहे, तिला इंग्रजी वाचता येत नाही. खुशीची शाळा इंग्रजी आहे. तिची डायरी मीच वाचून सांगते.

आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणतात. मी सहावीत असल्यापासून ती मी म्हणत होते, कारण पुस्तक मलाच वाचता येत होते. वहिनी आल्यावर तिने ती ऐकून पाठ केली. दोन वर्षांपासून तीच म्हणते. आई शेजारणीला म्हणाली, "मोना पुस्तक पाहून म्हणे. हिले पहा, सारं पाठ आहे, अन् आवाज कसा लागते." मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. मला ऐकू येते आहे हे आईला माहीत होते की नाही, ते मी सांगू शकत नाही.

दि. २० डिसेंबरला वहिनीने खुशीसाठी नाताळचे झाड म्हणून सुरूची मोठी फांदी आणली, बादलीत रेती भरून उभी केली आणि फोटोच्या फळीखाली ठेवली, कारण लायटिंगच्या माळेसाठी प्लग तिथेच आहे. जुन्या उशीचा कापूस काढून तिने फांदीवर बर्फ केला. गल्लीतल्या बाया पाहायला आल्या. मी एक चांदणी नीट करायला गेले तर खुशी म्हणाली, "आत्या, तू हात नको लावू. आईनं लावलं आहे." सगळे हसले. मीही हसले.

दि. २२ डिसेंबरला सायंकाळी साडेसहाच्या सुमारास वहिनीने डायरी आणून दिली आणि म्हणाली, "पहा न ताई, काय लिवलं आहे?" पानावर दोन गोष्टी होत्या. वर लिहिले होते की गाण्यासाठी पांढरा फ्रॉक घालून पाठवा. खाली लिहिले होते की घरी झाड असल्यास ते दिवा-मेणबत्तीपासून लांब ठेवा, कापूस लावू नका, ओली फांदी असल्यास रोज पाणी द्या, वाळल्यास काढून टाका. मी दोन्ही वाचले. मी म्हणाले, "गाण्याचं आहे. पांढरा फ्रॉक पाठवा म्हणते." ते खोटे नव्हते. त्या वेळी फळीवर मेणबत्ती पेटलेली होती, आणि फांदीचा शेंडा व मेणबत्ती यांत वीतभर अंतर असल्याचे मी पाहिले होते. आग लागेल असे मला वाटले नव्हते. खुशी शाळेत झाडाचे सांगेल आणि तिथे कोणीतरी वहिनीला टोकेल, एवढे वाटले होते.

दि. २४ डिसेंबरला वंदना चालू असताना आईने दार उघडले. वाऱ्याने कापूस ज्योतीवर गेला. फांदी वाळली होती, ती लगेच पेटली. खुशी झाडाजवळ हात जोडून उभी होती. वहिनीने तिला माझ्याकडे ढकलले आणि पेटती फांदी दोन्ही हातांनी धरून अंगणात नेली. मी मेन स्विच बंद केला. वहिनीचे दोन्ही तळवे आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. खुशीला इजा नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जबाब देताना भाऊ आणि आई माझ्या बाजूला उभे होते. ते खोटे वाक्य मी तेव्हा सांगितले. भावाने वहिनीला विचारले, "मोनानं तुले सांगतलं होतं?" तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "सांगतलं असन. माह्याच ध्यानात रायलं नसन." मी जबाबावर सही केली.

दि. ३१ डिसेंबरला भावाने तिला कुहीला माहेरी सोडले. "शिकलेली बहीण सांगते तरी आयकत नाही, उद्या पोरगी जाळशीन," असे तो तिला सर्वांसमोर म्हणाला. खुशीला त्याने इथेच ठेवले. वहिनीला परत आणण्याचे तो बोलत नाही, रविवारी खुशीला तिच्या भेटीला नेतो एवढेच म्हणतो. खुशी आता माझ्याजवळ झोपते. सकाळी मी तिची वेणी घालते, ती खुशी रिक्षात बसायच्या आत सोडून टाकते. वंदना पुन्हा मी म्हणते. आई ऐकायला बसत नाही.

सूचना का सांगितली नाही, असे हा जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस मॅडमनी विचारले. घाईत होते, असे मी आधी उत्तर दिले. ते मीच खोडायला लावले आहे. मला घाई नव्हती. झाड तिचे होते, म्हणून सांगितले नाही.

हा मजकूर मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला, नंतर मी स्वतः दोनदा वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, कोणाच्या दबावाने दिलेला नाही. घरी मी अजून काही सांगितलेले नाही. सही करण्यापूर्वी एवढे जोडून घ्यावे, की भाऊ खुशीला घेऊन वहिनीला भेटायला जाईल तेव्हा मी सोबत जाऊन वहिनीच्या आईवडिलांसमोर हे सर्व तोंडाने सांगणार आहे, रविवार, दि. ११ जानेवारी २०२६ रोजी.